साहेबांच्या बाईंची पत्रं

साहेबांना मी मारलं. गोदामात, पाठीमागून, एकाच गोळीत. हे आधीच कबूल करतो, कारण पुढची सगळी भानगड त्या एका गोळीतून निघाली आणि तिच्यात शहाणपण दाखवलं ते माझ्याऐवजी तळमजल्यावर बसणाऱ्या एका बाईंनी.

आमची गुन्हेगारीची मालिका नऊ वर्षं चालू होती. साहेब म्हणजे तिच्यातले मुख्य तपास अधिकारी. त्यांचं काम करणारे नट एका दुपारी माझ्यासमोर येऊन बसले, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि म्हणाले, "हे बघ. चोर पुढे पळतो, मी मागून लंगडत येतो. परवा त्या चोराला माझ्यासाठी थांबावं लागलं. आता मला सोड." माणूस खरं बोलत होता. दोन्ही गुडघे भोपळ्याएवढे सुजले होते. "पण बदलीबिदली करू नकोस," ते म्हणाले, "नाहीतर चार महिन्यांनी परत बोलवाल. नीट मार." म्हणून मी नीट मारलं. दवाखान्यात त्यांच्या बायकोने चादर बाजूला करून चेहरा पाहिला, असाही एक प्रसंग घातला. म्हटलं, संशयाला जागा नको.

त्यानंतर आठवडाभर मला घराबाहेर पडायची सोय राहिली नाही. न्हाव्याने अर्धी दाढी झाल्यावर विचारलं, "साहेबांना मारणारे तुम्हीच ना?" आणि वस्तरा हातात तसाच धरून उभा राहिला. सासूबाईंनी माझ्याशी बोलणं सोडलं, ते मात्र मी नुकसानीत धरत नाही. सख्ख्या बहिणीने फोन केला आणि 'कसा आहेस' वगैरे न विचारता म्हणाली, "तुला दुसरं कोणी मिळालं नाही मारायला?" वाहिनीच्या कार्यालयातले फोन तर दोन दिवस खाली ठेवताच येत नव्हते. कुणी रडत होतं, कुणी शिव्या देत होतं. एका गृहस्थांनी खुन्याच्या गाडीचा नंबर टिपून घेतला होता आणि तो त्यांना पोलिसांकडे द्यायचा होता.

हे सगळं ज्यांच्या टेबलावर येऊन पडायचं, त्या पोचबाई.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकात असेल. आम्ही सगळे पोचबाईच म्हणायचो, आणि त्यांनाही ते चालायचं. प्रेक्षकांची पत्रं आणि फोन घेण्याचा विभाग त्या सत्तावीस वर्षं सांभाळत होत्या. विभाग म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, जनरेटरच्या शेजारी. जनरेटर सुरू झाला की टेबलावरचे चहाचे कप आपोआप कडेला सरकायचे, आणि बाई मान वर न करता त्यांना हाताने परत आत ढकलायच्या. आलेल्या प्रत्येक पत्राला पोच गेलीच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. तीही छापील नाही. हाताने लिहिलेली.

आणि या विभागाची एक जुनी रीत होती. फार पूर्वी मुलांच्या कार्यक्रमातल्या बाहुलीला पत्रं यायची, तेव्हा बाहुलीच्याच नावाने उत्तर जायचं. ती रीत कुणी बंद केली नाही. त्यामुळे पत्र ज्या पात्राला आलं, त्या पात्राच्या नावाने पोचबाई उत्तर लिहायच्या. साहेबांना नऊ वर्षांत हजारो पत्रं आली असतील. लोक त्यांना आपापले गुन्हे कळवायचे. कुणाची सायकल गेली, कुणाच्या भाडेकरूवर संशय. एका बाईंना वाटत होतं की जाऊ चमचे पळवते. साहेब सगळ्यांना उत्तर द्यायचे. "जवळच्या चौकीत तक्रार नोंदवा. सायकलला कुलूप नव्हतं, ही चूक तुमचीच. चमचे मोजून ठेवत जा, पण जावेसमोर मोजू नका." हे वाचून मी बाईंना एकदा म्हणालो होतो, "बाई, साहेब माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त जमतात." त्या म्हणाल्या, "मग? तुम्ही त्यांना आठवड्यातून तीन दिवस बघता. मला रोज उत्तरं द्यावी लागतात."

आता साहेब गेल्यावर काय झालं ते सांगतो. रागाची पत्रं आली, ती माझ्या आणि वाहिनीच्या नावाने. त्यांना पोच गेली. पण त्यांच्या मागोमाग वेगळीच पत्रं यायला लागली. पाकिटावर पत्ता: 'साहेबांच्या बाईंना'. सांत्वनाची पत्रं!

इथे मला मान खाली घालायला हवी. साहेबांच्या बायकोला मी नऊ वर्षांत नाव दिलं नव्हतं. ती दार उघडायची, ताट वाढायची आणि म्हणायची, "आज तरी लवकर या." बस. काम करणारी नटी इतकी गुणी, पण मी तिला वाक्य द्यायला विसरायचो. आणि लोक तिला लिहीत होते. 'धीर धरा.' 'जेवत जा.' 'एकटं वाटलं तर आमच्याकडे चार दिवस या, खोली रिकामी आहे.'

पोचबाईंनी रीतीप्रमाणे उत्तरं लिहिली. साहेबांच्या बाईंच्या नावाने. चारशे सव्वीस.

मला याचा पत्ताच नव्हता. वर तिसऱ्या मजल्यावर आमच्या कार्यक्रमप्रमुखांनी काय ठरवलंय, याचा पत्ता बाईंना नव्हता. प्रमुख हा तसा वाईट माणूस नाही. फक्त प्रेक्षकांचा आकडा खाली आला की त्याला घाम फुटतो. साहेब गेल्यावर पहिल्या आठवड्यात आकडा चढला आणि दुसऱ्या आठवड्यात घसरला, आणि प्रमुखांनी मला बोलावून सांगितलं, "साहेबांना परत आणा."

"गोळी लागलीय," मी म्हणालो.

"लागू दे."

"बायकोने चेहरा पाहिलाय."

"मेलेला दुसराच होता. साहेब जखमी होते, चेहरा भाजला होता, शस्त्रक्रिया झाली. नवा चेहरा, नवा नट. गुडघे चांगले असलेला."

मी फार ताठ मानेने उठून आलो असेन असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं काही नाही. मी घरी गेलो आणि तीन भाग लिहून काढले. घराचे हप्ते मलाही आहेत. जाहिरातही झाली: अंधारात एक पाठमोरा माणूस, आणि खाली अक्षरं, 'कोण येतंय परत?'

दुसऱ्याच दिवशी एका प्रेक्षकाचं पाकीट थेट प्रमुखांच्या टेबलावर आलं. आत पोचबाईंच्या एका उत्तराची प्रत होती आणि वर एक ओळ: 'खोटं कोण बोलतंय? साहेबांच्या बाई, की तुम्ही?'

प्रमुखांनी मला ते उत्तर वाचायला दिलं. मला ते जवळजवळ पाठ आहे.

'आपलं पत्र मिळालं. आपण आठवण ठेवलीत, बरं वाटलं. ह्यांचा चेहरा मी स्वतः पाहिला आहे. त्यामुळे ते येतील म्हणून मी वाट बघत नाही, आणि तुम्हीही बघू नका, त्याने त्रासच होतो. सकाळी उठल्यावरचा पहिला तास अवघड जातो. त्या तासात मी हाताला काम ठेवते. काल कपाटाचे खण पुसले. संध्याकाळी दोन कप मांडले गेले, तर एक परत ठेवते, त्याबद्दल स्वतःवर चिडत नाही. तुम्ही जेवत जा म्हणालात, म्हणून आज नीट जेवले.'

मी दोनदा वाचलं. त्या बाईच्या तोंडी असं एक वाक्य मला नऊ वर्षांत सुचलं नव्हतं. लाज वाटली, आणि थोडा मत्सरही वाटला. खोटं कशाला बोलू?

प्रमुखांना दोन्हीपैकी काही वाटलं नाही. त्यांना चारशे सव्वीस घरांमधले चारशे सव्वीस लेखी पुरावे दिसत होते, की साहेब मेले आहेत. त्यांनी हुकूम काढला. पोचबाईंनी त्या सगळ्यांना दुसरं पत्र पाठवायचं: 'पूर्वीचं पत्र कार्यालयीन चुकीमुळे गेलं, कृपया दुर्लक्ष करावं.' खाली बाईंची सही. सोमवारी अकरापर्यंत. नाहीतर विभाग बंद, उत्तरं यापुढे संगणक देईल. बाईंना निवृत्तीला दोन वर्षं होती.

बाईंना समजवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो.

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यांच्या यजमानांनी मिक्सर उघडून ठेवला होता आणि त्याचे स्क्रू बशीत मांडले होते. "या, या," ते म्हणाले, "तुम्हीच का ते? साहेबांना मारणारे? मी बघत नाही हो मालिका. पण हिने इतकी पत्रं लिहिली की मधे दोनदा मला वाटलं, मीच गेलो की काय."

बाई आतून म्हणाल्या, "तुम्ही गेलात तर मिक्सर कोण बिघडवेल?"

त्यांनी मला चहा दिला आणि समोर बसल्या. लहानखुऱ्या, केस घट्ट बांधलेले, उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पेनाचा जाड घट्टा. मी हुकुमाचा कागद पुढे केला. त्यांनी तो चष्मा लावून वाचला, घडी घातली आणि मला परत दिला.

"हे मी लिहिणार नाही."

"बाई, एक ओळ आहे. छापून देतील. तुम्ही फक्त सही करायची."

"चूक झाली असती तर दहा ओळी लिहिल्या असत्या. चूक झालेली नाही. तुम्ही दाखवलंत की बाईने चेहरा पाहिला. मी तेच लिहिलं. आता ती खोटं बोलली असं मी म्हणू?"

"ती खरी नाहीये, बाई," मी जरा चिडूनच म्हणालो. "ती मी लिहिलीय."

"तुम्ही?" त्या हसल्या. "तुम्ही तिला दार उघडायला ठेवली होती."

यजमान मिक्सरमध्ये तोंड घालून हसले. मी चहा पिऊन टाकला. मग मला राहवलं नाही. मी विचारलं, "बाई, तुम्हाला हे सगळं कसं माहीत? तो पहिला तास, ते दोन कप? तुमचे हे तर चांगले ठणठणीत आहेत."

"मला काय माहीत असणार?" त्या म्हणाल्या. "सत्तावीस वर्षं पत्रं वाचतेय. लोक आधी मालिकेबद्दल लिहितात आणि चौथ्या ओळीत स्वतःवर येतात. त्यांनीच सांगितलेलं मी त्यांना सांगितलं." मग म्हणाल्या, "तुमचे लोक वर बसून म्हणतात, इतकी पत्रं आली म्हणजे लोकांना साहेब परत हवेत. रागावलेल्यांना हवे असतील. पण ज्याने सांत्वनाचं पत्र लिहून पोस्टात टाकलं, त्याने ते मरण मानलंय हो. त्याच्याशी आता असा खेळ नाही करायचा."

"नोकरी जाईल, बाई. विभागही जाईल."

"जाऊ दे की. मी काय त्या जनरेटरच्या प्रेमात आहे?" असं म्हणाल्या खऱ्या, पण बशी उचलताना त्यांचा हात क्षणभर थांबला. यजमानांनी ते पाहिलं आणि ते मिक्सरचे स्क्रू पुसायला लागले. "उद्या मीच वर येते," बाई म्हणाल्या. "तुम्ही मधे पडू नका. तुमची बाजू तशी लंगडीच आहे."

सोमवारी अकराला त्या तिसऱ्या मजल्यावर आल्या. इस्त्रीची साडी, काखेत पत्रांचा गठ्ठा. प्रमुखांनी बसा म्हणायच्या आत बसल्या. खोलीत आम्ही तिघंच होतो.

"पत्रं तयार आहेत?" प्रमुखांनी विचारलं.

"ही त्यांची पत्रं आहेत. मला आलेली. म्हणजे तिला." बाईंनी गठ्ठा टेबलावर ठेवला. "यातलं हवं ते एक उचला. बहुतेकांनी खाली फोन नंबर दिलाय. तुम्हीच लावा. साहेब परत येतायत म्हणून सांगा. तो माणूस खूश झाला, तर मी इथे बसून चारशे सव्वीस पत्रं लिहिते. हाताने लिहिते, छापायचीही गरज नाही."

चारशे सव्वीसात एखादा तरी टाळ्या पिटणारा निघणारच. मी बाईंकडे पाहिलं. त्या पंख्याकडे बघत होत्या, बस यायला अजून वेळ आहे अशा चेहऱ्याने.

प्रमुखांनी गठ्ठ्याच्या मधून एक पाकीट ओढलं. आपल्याला फसवू नये म्हणून आधी वरची दहाबारा बाजूला केली, हेही सांगायला हवं. नंबर लावला आणि फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

पलीकडे एका बाईंचा आवाज आला. मागे काचेवर काच वाजत होती. त्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होत्या आणि नळ्या धूत होत्या, असं त्यांनीच सांगितलं. प्रमुखांनी आपली ओळख दिली.

"अगं बाई! टीव्हीवरून?" त्या म्हणाल्या. "माझं काही चुकलं का?"

"नाही नाही. तुम्ही साहेबांच्या बायकोला पत्र लिहिलं होतंत."

"हो. त्यांचं उत्तरही आलं. अहो, तसं मला कळतं हं. ते नाटक आहे, मी काही वेडी नाही. पण पत्र तर कुणीतरी लिहिलं ना? इतकं नीट मला कोणी लिहिलंच नव्हतं. आमचे हे जाऊन आठ महिने झाले. आम्ही दोघं मिळूनच बघायचो तुमची मालिका. ते आधीच सांगायचे खुनी कोण, आणि दर वेळी चुकायचे." त्या हसल्या. नळीवर नळी ठेवल्याचा आवाज आला. "त्या म्हणाल्या तसं मी सकाळी हाताला काम ठेवते. त्या खण पुसतात, मी पितळेची भांडी काढते. बरं जातं."

प्रमुखांनी घसा साफ केला. "आम्ही असं विचारत होतो, की साहेब परत आले तर?"

"परत?"

"म्हणजे, ते मेलेच नव्हते. चेहरा बदललाय. नवा चेहरा."

पलीकडचा नळ बंद झाला. मग त्या म्हणाल्या, "आणा की. तिचा माणूस परत आला तर मला वाईट का वाटेल? चांगलंच होईल तिचं." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "फक्त मला आधी कळवा हं. त्या दिवशी मी टीव्ही लावणार नाही. आम्ही दोघी होतो, आता मी एकटीच उरणार. एवढंच."

मी माझ्या चपलांकडे बघत होतो. घरी टेबलावर पडलेले ते तीन भाग मला डोळ्यांपुढे दिसत होते आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटत होती. प्रमुखांनी पोचबाईंकडे पाहिलं, तुम्ही बोला, अशा नजरेने. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"हॅलो?" फोनमधून आवाज आला.

"नाही," प्रमुख म्हणाले. "येणार नाहीत ते."

"नक्की?"

"नक्की."

"मग तेवढं लेखी कळवाल का? फोनवरचं मागाहून खरं वाटत नाही."

"कळवतो," प्रमुख म्हणाले, आणि फोन ठेवला.

पोचबाईंनी पर्समधून एक कोरा कागद काढला, टेबलावर सारला आणि स्वतःचं पेन त्यावर ठेवलं. प्रमुखांनी मला हाक मारायला तोंड उघडलं. "लेखकांना कशाला?" बाई म्हणाल्या. "शब्द तुम्ही दिलाय."

तो माणूस अर्धा तास लिहीत होता. किती वर्षांनी हाताने लिहीत होता देव जाणे. दोनदा कागद फाडला, बाईंनी दोनदा नवा दिला. शेवटी त्यांनी पत्र पुढे केलं. बाईंनी चष्मा लावला आणि सावकाश, ओठ हलवत वाचलं. मग एका ओळीवर बोट ठेवलं.

मी वाकून पाहिलं. तिथे लिहिलं होतं, 'साहेबांना परत आणण्याचा विचार आम्ही कधीच केला नव्हता.'

"हे खरं नाही," बाई म्हणाल्या. "खोडा."

त्यांनी खोडलं.